‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा हक्क

‘व्हीसी’ ही दोन अक्षरे सरकारी मराठीत आता इतकी रुळली आहेत, की त्यांचा विस्तार विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. ‘साहेब व्हीसीत आहेत’ असे शिपायाने सांगितले, की बाकावर बसलेला माणूस ओळखतो, आता तासाभराची निश्चिंती. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. सरकारी पत्रकाच्या मराठीत दूरदृश्य प्रणाली. हीच गोष्ट घरोघरी ‘व्हिडिओ कॉल’ या साध्या नावाने चालते. आमच्या वसई-विरारकडे रविवारी संध्याकाळी कुठल्याही इमारतीचा जिना चढा, एखाद्या तरी दारामागे आजी फोन हातभर लांब धरून दुबईच्या किंवा टोरांटोच्या नातवंडाशी मोठ्या आवाजात बोलत असते. आवाज मोठा अशासाठी, की परदेश लांब आहे हे ती विसरलेली नसते.

या घरगुती सवयीमुळे आपला एक समज झाला आहे, की ही विद्या आता सोपी झाली. भिंतीवर पडदा लावला, वर कॅमेरा बसवला, वायर जोडली की काम झाले. घरच्या बोलण्यापुरते हे खरे आहे, कारण तिथे आजीला एक मोठी सवलत असते. आवाज तुटला तर ती म्हणते, ‘काय म्हणालास? पुन्हा सांग.’ आणि नातू पुन्हा सांगतो. आता हीच यंत्रणा न्यायालयात नेऊन ठेवा. एका टोकाला न्यायाधीश, दुसऱ्या टोकाला तुरुंगातल्या खोलीत उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा. कायद्याची भाषा त्याला कळत नाही, मागे शिपाई उभा आहे, बाहेर आणखी दहा जण आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. त्याला ऐकू आले नाही, तर तो ‘पुन्हा सांगा’ म्हणेल का? माझ्या मते या सगळ्या खर्चिक यंत्रणेची परीक्षा या एका प्रश्नात आहे, आणि यंत्र बसवण्याच्या गडबडीत तो क्वचितच विचारला जातो.

या विषयात देशाला वाट दाखवणारा खटला आपल्या मुंबईचाच. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. ते इथे यायला तयार नव्हते. पडद्यावरून साक्ष द्यायला तयार होते. कायद्याचे म्हणणे असे, की साक्ष आरोपीच्या उपस्थितीत नोंदवावी. उच्च न्यायालयाने उपस्थितीचा अर्थ देहाने हजर असा घेतला. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याला प्रश्न विचारता येतात, तर ती उपस्थितीच, असा त्या निकालाचा आशय. मात्र साक्षीदाराच्या टोकालाही एक जबाबदार अधिकारी बसलेला असावा, हे न्यायालयाने आवर्जून सांगितले. उपस्थितीची ही व्याख्या दिसण्याइतकीच ऐकू येण्यावर उभी आहे. ऐकू येणे वजा केले, तर राहते ते फक्त चित्र.

पुढे फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यासंबंधी डेव्हिड हेडलीची साक्ष अमेरिकेतून अशीच घेतली. साऱ्या देशाचे लक्ष त्या पडद्याकडे होते, दोन देशांची सरकारे मागे उभी होती. तरीही तिसऱ्या दिवशी, १० फेब्रुवारीला, तांत्रिक बिघाड झाला आणि त्या दिवसाचे कामकाज थांबवावे लागले. थांबवले, हे महत्त्वाचे. संपर्क नीट नाही तेव्हा साक्ष नाही, एवढा साधा नियम तिथे पाळला गेला. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी, सायकलचोरीच्या खटल्यात, तो तितक्याच कसोशीने पाळला जाईल का, हा माझा प्रश्न आहे.

टाळेबंदीत, ६ एप्रिल २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या न्यायालयांसाठी व्हिडिओचा मार्ग मोकळा केला. त्या आदेशातले एक कलम मी पुनःपुन्हा वाचले. आवाजाबद्दल किंवा चित्राबद्दल तक्रार असेल तर ती कामकाज चालू असताना किंवा संपल्यावर लगेच करावी. नंतर ती ऐकली जाणार नाही. वकिलांच्या दृष्टीने हे रास्तच आहे, नाही तर निकाल विरुद्ध गेला की प्रत्येकाला आवाज ऐकू आला नव्हता असे आठवेल. पण ज्याला मुळात आपल्याला काय ऐकू आले नाही हेच माहीत नाही, त्याने तक्रार कशाची करायची? त्याच आदेशात साधने नसलेल्या पक्षकारांना न्यायालयाने सोय करून द्यावी, असेही म्हटले आहे. त्या ‘सोयी’त कानाची सोय धरली पाहिजे.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचा मुलगा मारामारीच्या प्रकरणात काही महिने आत होता. कुठल्या तुरुंगात आणि कुठल्या न्यायालयात, ते इथे सांगण्याची गरज नाही. तारखेला त्या भाजीची पाटी शेजारणीकडे देऊन न्यायालयात जाऊन उभ्या राहत. एकदा परत आल्या आणि ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, ‘काका, पोरगा दिसला. बारीक झालाय. ओठ हलत होते त्याचे, पण काय बोलला ते कळलंच नाही. मग पडदा बंद झाला. वकिलांना विचारलं, तर म्हणाले, पुढची तारीख पडली.’ मुलगा नेमके काय सांगत होता? जामिनाचे काही? तब्येतीचे? की नुसते ‘आई, मी बरा आहे’? ते त्या माउलीला कळले नाही, आणि त्याहून गंभीर म्हणजे, न्यायाधीशांना कळले की नाही तेही कळायला मार्ग नव्हता.

यंत्राचा दोष कुठे असतो, हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे. कादंबऱ्या लिहिणे हा माझा रात्रीचा उद्योग. दिवसा मी बँकेत अधिकारी होतो, आणि त्यातली काही वर्षे संगणक विभागात गेली. लेजर जाऊन यंत्रे आली तो काळ मी शाखांच्या मागच्या खोल्यांतून पाहिला. एका शाखेत सर्व्हर रोज दुपारी चारच्या सुमारास बंद पडे. इंजिनियर आले, एक सुटा भाग बदलला, दुसरा बदलला. शेवटी एका जुन्या वायरमनने खिडकीतून मागच्या अंगणाकडे बोट केले. अर्थिंगचा खड्डा, ज्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी घालतात, तो उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला होता. शिपायाने रोज सकाळी दोन बादल्या पाणी ओतायला सुरुवात केली आणि लाखो रुपयांचे यंत्र सुतासारखे सरळ चालू लागले. यंत्र बसवणे म्हणजे खोके उघडणे नव्हे, हे मी त्या दोन बादल्यांकडून शिकलो.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचेही असेच आहे. दोघेच बोलत असतील तर मध्ये फारसे काही लागत नाही. पण दहा ठिकाणे एकमेकांशी थेट जोडायची म्हटली, तर पंचेचाळीस जोडण्या कराव्या लागतील. म्हणून मध्ये एक सर्व्हर बसवतात. बँकेच्या क्लिअरिंग हाउससारखा. प्रत्येक बँकेने दुसऱ्या प्रत्येक बँकेकडे धनादेश घेऊन पळण्याऐवजी सगळ्यांनी एका जागी यायचे. हे सर्व्हर दोन जातींचे असतात. एक सगळ्यांची चित्रे गोळा करून, त्यांची गोधडी शिवून, ती एकच गोधडी सगळ्यांना पाठवतो. त्याला ताकद फार लागते, म्हणून तो महाग. दुसरा टपाल खात्यातल्या छाननीवाल्यासारखा, आलेले पाकीट न उघडता पुढे ढकलतो. तो स्वस्त, पण मग ती दहा पाकिटे उघडण्याचे काम पलीकडच्या यंत्राला करावे लागते. पलीकडे जुनाट संगणक असेल तर त्याचा दम निघतो. म्हणून सर्व्हर कुठला घ्यायचा हे मुख्य कार्यालयातली खोली पाहून ठरवू नये. साखळीतली सगळ्यात दुबळी खोली कुठली, ते पाहून ठरवावे.

मग येते जुळवणी, ज्याला तंत्रज्ञ ‘कॉन्फिगर करणे’ म्हणतात. प्रत्येक कार्यालयाच्या जाळ्याच्या दारावर फायरवॉल नावाचा राखणदार असतो. त्याला नीट सूचना दिल्या नाहीत, तर तो आतल्याला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला आत येऊ देत नाही. मग चित्र दिसते आणि आवाज येत नाही, किंवा आवाज एकाच बाजूने जातो. ‘तुम्ही दिसताय, पण ऐकू येत नाही’ या रोजच्या वाक्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. दुसरी गोष्ट प्राधान्याची. त्याच वायरीवरून कुणी मोठी फाइल पाठवत असेल, तर आवाजाला आधी वाट द्यावी असे यंत्राला सांगून ठेवावे लागते. रुग्णवाहिकेला देतात तशी.

तिसरी गोष्ट उशिराची. १९९९मध्ये बँकांसाठी उपग्रहावरचे ‘इन्फिनेट’ जाळे सुरू झाले आणि शाखांच्या गच्चीवर तबकड्या आल्या. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. संदेशाने वर जाऊन खाली यायचे, म्हणजे पाव सेकंद गेलाच. पैशांच्या आकड्याला त्याचे काही वाटत नाही. माणसाच्या बोलण्याला वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्शात पोचला, तर संभाषण सहज होते. त्याहून फार उशीर झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. न्यायालयात असे झाले की गप्प कोण बसतो, हे सांगायला नको.

आणि चौथी गोष्ट ध्वनीच्या गुणाची. जुन्या टेलिफोनच्या तारेतून माणसाच्या आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जाई. ‘स’सारख्या व्यंजनांची धार त्याच्या वर असते. त्यामुळे बँकेत फोनवर रक्कम घेताना आम्ही नेहमी विचारायचो, ‘साठ की आठ? एकोणसाठ की एकोणसत्तर?’ आणि आकडा फोड करून लिहून घ्यायचो. आजच्या यंत्रांत याहून मोठा पट्टा नेण्याची सोय आहे. पण वरचा पंखा घरघरतो आहे, फरशी आणि भिंती गुळगुळीत आहेत, मायक्रोफोन माणसापासून सहा फुटांवर आहे, अशा खोलीत महागातल्या महाग यंत्रापर्यंत पोचतो तो गोंगाटच. पालघर जिल्ह्यात कुणी वारली बोलतो, कुणी सामवेदी, कुणी वाडवळी, कुणी आगरी, कुणी भोजपुरी. समोरासमोरही ज्याचे बोलणे समजून घ्यायला कान टवकारावे लागतात, त्याचे बोलणे अशा खोलीतून पोचेल कसे?

आमच्या भागाचे आणखी काही प्रश्न आहेत. किनारा आणि मिठागरे असलेला हा मुलूख. खारी हवा तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर चढवते. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या अडकल्या, वसई-विरारचा वीजपुरवठा कोलमडला. ज्याने ते दिवस पाहिले, तो सर्व्हर तळमजल्यावर बसवणार नाही. विजेचा खेळखंडोबा तर बारमाही. यूपीएसच्या बॅटऱ्या किती वर्षांच्या झाल्या, त्यांचे डिस्टिल्ड वॉटर कुणी पाहिले, एएमसी कधी संपली, हे प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कुणाला सुचत नाहीत. पण यंत्राचे आयुष्य त्यांच्यावर असते.

एक आक्षेप अपेक्षित आहे. मग हे सगळे बंद करून पूर्वीसारखे सगळ्यांना प्रत्यक्ष आणावे का? मुळीच नाही. वसईहून ठाण्याला रस्त्याने जायचे म्हणजे वरसाव्याचा पूल आणि घोडबंदर रस्ता. त्या कोंडीत अडकलेली पोलिसांची गाडी ज्याने पाहिली आहे, तो पडद्याला नावे ठेवणार नाही. बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून कैदी आणला नाही, म्हणून तारीख पुढे गेली, ही तर जुनी रड. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांतल्या शंभर माणसांपैकी सुमारे शहात्तर कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. पडद्यामुळे त्यांची एक तारीख जरी वाया जायची वाचली, तरी तो पुण्याचा व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. तंत्रज्ञान पुढे जातेच आहे, थोडे सांभाळून घ्या. पण सांभाळून घ्यायचे कुणी? सरकारी माहितीप्रमाणे ३,२४० न्यायालय संकुले आणि १,२७२ तुरुंग व्हिडिओने जोडले गेले आहेत. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने आरोप वाचून दाखवण्यापासून साक्षीपर्यंत बरेच काही पडद्यावरून करण्याची मुभा दिली. पोलीस कोठडीसाठी मात्र आरोपीला प्रत्यक्ष समोर आणले पाहिजे, ही अट कायद्याने ठेवली आहे. अंगावर वळ आहेत का, माणूस घाबरलेला आहे का, हे डोळ्यांनी पाहायचे असते, म्हणून. कायदा करणाऱ्यांनाही पडद्याची मर्यादा ठाऊक आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो. यंत्रणा इतकी वाढली असताना ती बरी चालते की नाही हे नशिबावर सोडता येणार नाही.

२०१७मध्ये नवरा-बायकोच्या खटल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयातच दोन मते पडली. मार्चमध्ये व्हिडिओला अनुकूल निकाल आला. ऑक्टोबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो बदलला. समेटाचे प्रयत्न चालू आहेत तोवर दोघांनी एका खोलीत बसावे, असे बहुमताला वाटले. कादंबरीकार म्हणून मला त्यात तथ्य दिसते. माणसाचे मन पुष्कळदा त्याच्या खुर्चीत चुळबुळण्यातून कळते. पण तान्हे मूल घेऊन तीनशे मैलांवरून येणारी बाई ज्यांना दिसली, त्यांनाही मी चूक म्हणणार नाही. दोन्ही बाजूंचा मुद्दा शेवटी एकच होता: समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकले गेले का?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र बसवल्यावर ‘इन्स्टॉलेशन रिपोर्ट’वर सही होते आणि बिल निघते. बँकेत अशा कागदांवर शाखाधिकारी सही करी, आणि त्याला सांगितलेले असे, की दिवा लागला म्हणजे यंत्र चालू. न्यायालयातल्या यंत्राची परीक्षा दिव्याने घेऊ नये, कानाने घ्यावी. ती घेताना पंखे चालू असावेत, बाहेर गर्दी असावी, आणि पलीकडच्या टोकाला इंजिनियर न बसवता एखाद्या साध्या माणसाला उभे करावे. इकडून शंभर आकडे वाचावेत, त्याने ते लिहून घ्यावेत. मग त्याने वाचावेत आणि इकडे लिहून घ्यावेत. साठ आणि आठ यांचा घोळ झाला, तर बिल थांबवावे. वर्षातून दोनदा, एकदा ऐन पावसाळ्यात, हीच परीक्षा पुन्हा व्हावी.

यंत्राइतकाच पैसा खोलीवर खर्च व्हावा. भिंतींना पडदे, माणसाजवळ मायक्रोफोन, कानाला लावायला हेडफोन. आरोपीला त्याच्या वकिलाशी दोन शब्द खासगी बोलता येतील अशी वेगळी जोडणी हवी, कारण शिपायासमोर आणि भर न्यायालयात कुणी वकिलाला खरे सांगत नाही. आणि प्रत्येक टोकाला एक शिकलेला, नेमलेला माणूस हवा. ज्याचे काम तेच असेल. झेरॉक्स काढणाऱ्यालाच ‘जरा ते व्हीसीचे बघ’ असे सांगून भागणार नाही.

शेवटची सूचना बिनखर्चाची आहे. कामकाजाच्या आरंभी न्यायाधीशांनी पलीकडच्या माणसाला त्याला समजेल अशा भाषेत विचारावे, ‘मी आत्ता काय म्हणालो, ते सांगा.’ ‘ऐकू येतंय का?’ एवढेच विचारून उपयोग नाही. त्याला तो मान डोलावतो. त्याने सांगितलेले उत्तर, आणि ते सांगता आले नसेल तर तेही, त्या दिवशीच्या रोजनाम्यात एका ओळीत लिहिले जावे. म्हणजे पुढे कधी वरच्या न्यायालयात कुणी ती फाइल उघडली, तर त्या दिवशी तो मुलगा पडद्यावर नुसता दिसत होता की खरोखर हजर होता, हे कळेल.